हजार बाहुल्या, पाचशे ठिपके आणि मगरपट्टा

माणूस श्रीमंत होतो तो नशिबाने की स्वतःच्या निर्णयांनी? पुण्यात कुठल्याही कट्ट्यावर हा विषय काढा, चहा संपायच्या आत दोन तट पडतात. एका तटाचं म्हणणं, सगळा योगायोग आहे, बापाची जमीन रस्त्याला लागून होती म्हणून झालं. दुसऱ्याचं म्हणणं, पंचविसाव्या वर्षी एसआयपी सुरू केली असती तर तूही आज निवांत असतास. पहिल्या तटाच्या हातात गेल्या काही वर्षांत एक शास्त्रीय हत्यार आलंय. "गणिताने सिद्ध झालंय, यशस्वी होतात ते हुशार नसतात, नशीबवान असतात," अशा मथळ्याचा मेसेज तुमच्याही कुठल्या ना कुठल्या ग्रुपवर येऊन गेला असेल.

त्या मेसेजमागे एक खराखुरा पेपर आहे. आज त्याचीच चिरफाड करू. पेपर वाईट आहे म्हणून नव्हे. तो चांगला आहे, वाचनीय आहे, आणि त्यात जे गाळलंय ते नीट पाहिलं की नशीब आणि निवड यांच्याबद्दल आपण प्रश्नच चुकीचा विचारतोय हे लक्षात येतं. सोबत कॅल्क्युलेटर ठेवा. गणित गुणाकाराच्या पुढे जाणार नाही.

पेपरमध्ये आहे काय?

इटलीतल्या कातानिया विद्यापीठाशी संबंधित तीन संशोधकांनी, प्लुकिनो, बिओन्दो आणि रापिसार्दा यांनी, हा पेपर २०१८ साली प्रसिद्ध केला. २०२२ चं अर्थशास्त्राचं इग नोबेल त्यांना याच कामासाठी मिळालं. (इग नोबेल म्हणजे आधी हसवणाऱ्या आणि मग विचार करायला लावणाऱ्या संशोधनाला मिळणारं पारितोषिक. याच गटातल्या मंडळींना २०१० मध्येही ते मिळालं होतं, बढत्या चिठ्ठ्या टाकून दिल्या तर काय होईल यासाठी.)

त्यांनी संगणकात एक छोटं जग बनवलं. त्यात १,००० माणसं. मी त्यांना बाहुल्या म्हणते, कारण त्या जागच्या हलत नाहीत. प्रत्येकीला ० ते १ मधली एक 'गुणवत्ता' वाटून दिली, सरासरी ०.६ च्या आसपास. सगळ्यांकडे सुरुवातीला सारखंच भांडवल, १० एकक. मग या जगात ५०० ठिपके सोडले, निम्मे हिरवे म्हणजे शुभ, निम्मे लाल म्हणजे अशुभ. ठिपके वाटेल तसे भटकतात. लाल ठिपका बाहुलीवर येऊन आदळला की तिचं भांडवल निम्मं. हिरवा आला तर भांडवल दुप्पट, पण दर वेळी नाही. गुणवत्ता ०.६ असेल तर दहापैकी साधारण सहा वेळा. म्हणजे संधी ओळखायला अक्कल लागते, संकट मात्र अक्कल विचारून येत नाही. असं चाळीस वर्षं, दर सहा महिन्यांनी एक पाऊल.

शेवटी काय दिसलं? निम्म्याच्या आसपास बाहुल्या १० एककांच्या खाली गेल्या. वरच्या फक्त २० जणींकडे एकूण भांडवलाचा ४४ टक्के हिस्सा आला. सगळ्यात श्रीमंत बाहुलीकडे २,५६० एकक होते आणि तिची गुणवत्ता होती ०.६१, म्हणजे अगदी चारचौघींसारखी. सगळ्यात गुणवान बाहुली, ०.८९ वाली, ०.६२५ एककांवर येऊन थांबली.

पेपरचा उत्तरार्ध मेसेजमध्ये कधीच येत नाही, आणि मला तो जास्त मोलाचा वाटतो. लेखक विचारतात, संशोधनाचा निधी आधीच यशस्वी झालेल्यांना द्यावा की सगळ्यांना थोडा थोडा? त्यांच्या जगात दुसरा मार्ग सरस ठरतो, कारण आधीचं यश हे गुणवत्तेपेक्षा योगायोगाचंच माप असतं. आम्हा संशोधक विद्यार्थ्यांना हे वाक्य फ्रेम करून लावावंसं वाटेल.

गुणवत्ता १ असती तर?

आता चिरफाड. एक साधा प्रश्न विचारा: या जगात गुणवत्ता पूर्ण १ असलेली बाहुली किती पुढे गेली असती? तिला प्रत्येक हिरवा ठिपका लाभतो, भांडवल दुप्पट. प्रत्येक लाल ठिपक्याला निम्मं. हिरवे-लाल सारखेच. दुप्पट गुणिले निम्मं बरोबर एक. म्हणजे या जगातली परिपूर्ण बाहुलीसुद्धा नेहमीच्या वाटचालीत जिथल्या तिथेच राहणार.

मग चारचौघींसारख्या बाहुलीचं काय? तिच्या वाट्याला दहा हिरवे आणि दहा लाल ठिपके आले असं धरा. हिरव्यांपैकी सहा लागू पडले. सहा वेळा दुप्पट, दहा वेळा निम्मं, म्हणजे निव्वळ चार वेळा निम्मं. दहा लाख होते, त्याचे पाच, अडीच, सव्वा, आणि शेवटी ६२,५०० रुपये. क्रम कसाही लावा, उत्तर तेच.

थोडक्यात, 'गुणवत्तेचा उपयोग नाही' हा निष्कर्ष संगणकाने शोधलेला नाही. तो नियम लिहितानाच आत बसवलेला होता. घसरत्या जिन्यावर हजार जणींना उभं करायचं आणि मग वर पोचलेली एखादी नशीबवानच असणार असं म्हणायचं, यात आश्चर्य कसलं? लेखकांनी हिरव्या-लालचं प्रमाण बदलूनही पाहिलंय, ते मान्य. पण एक गोष्ट त्यांनी कुठेच बदलली नाही. बाहुल्यांना एकही निर्णय घेता येत नाही. गुणवत्ता आहे, नशीब आहे, निवड नाहीच. तरीही हा पेपर 'निवड विरुद्ध नशीब' या वादात पुरावा म्हणून फिरतोय.

तर आपण त्यांना एक निवड देऊ. अगदी साधी: ठिपका येईल तेव्हा त्याच्यापुढे सगळं भांडवल ठेवायचं की थोडंच?

निम्मं भांडवल कडेला काढून ठेवलं तर हिरव्या ठिपक्याला दुपटीऐवजी दीडपट होईल आणि लालला निम्म्याऐवजी पाऊणपट. तेच दहा हिरवे, त्यातले तेच सहा लाभलेले, तेच दहा लाल. दीडचा सहा वेळा गुणाकार, पाऊणचा दहा वेळा. दहा लाखांचे उरतात सुमारे ६ लाख ४१ हजार. आणि तीन चतुर्थांश कडेला ठेवून फक्त पाव भाग पुढे केला तर? सव्वाचा सहा वेळा, ०.८७५ चा दहा वेळा. उत्तर येतं १० लाख ३ हजारांच्या थोडं वर.

६२ हजार, ६ लाख, १० लाख. गुणवत्ता तीच, नशीब तेच, ठिपके तेच. बदललं ते एवढंच, की नशिबापुढे किती मांडायचं. बेल लॅब्जमधल्या जॉन केली यांनी १९५६ मध्ये याचंच नेमकं सूत्र मांडलं. आपल्याकडे 'दैव देतं आणि कर्म नेतं' म्हणतात. या हिशेबात ते उलटही होतं: दैव नेतं तेव्हा किती न्यायचं, ते थोडं तरी कर्माच्या हाती असतं.

इथपर्यंत वाचून दुसरा तट खूश झाला असेल. बघा, शेवटी शिस्तच! थोडं थांबा.

कडेला काढून ठेवणं कोणाला परवडतं?

तीन चतुर्थांश कडेला ठेवायला आधी चार चतुर्थांश असावे लागतात. दीड एकर कोरडवाहू जमीन असलेला शेतकरी बी-बियाणं, खत, मजुरी यांत जवळचं सगळं आणि उसनवारीचंही घालतो. पाव एकरात सोयाबीन पेरतो आणि बाकीच्या जमिनीला विश्रांती देतो, असं त्याला म्हणता येत नाही. त्याचा लाल ठिपका नेहमी पूर्ण भांडवलावरच पडतो.

माझ्या जवळचं उदाहरण देते. आम्हा पीएचडीवाल्यांत फेलोशिप उशिरा येणं ही काही बातमी नाही. केंद्राच्या जेआरएफची रक्कम जानेवारी २०२३ पासून महिना ३७,००० रुपये झाली, कागदावर उत्तम. पण ती चार-चार महिने अडकते आणि मग एकदम येते. एकाच लॅबमध्ये शेजारी बसणाऱ्या दोघांना हा एकच लाल ठिपका लागतो. एक जण घरी फोन करतो. दुसऱ्याच्या घरून उलट फोन आलेला असतो, या महिन्यात काही पाठवशील का म्हणून. मग तो मित्राकडून किंवा ॲपवरून व्याजाने घेतो. वर्षाअखेरीस एकाची आरडी असते, दुसऱ्याचा हप्ता. बाहेरून बघणारा म्हणेल, पहिल्याला पैशाची शिस्त आहे. शिस्त असेलही. पण ती शिस्त पाळण्याइतकी जागा त्याला जन्मानेच मिळाली होती.

म्हणून निवड खरी आहे, पण निवडीची मोकळीक नशिबाने वाटलेली आहे. आर्थिक सल्ल्याच्या पुस्तकांत नेमका हाच दुसरा भाग गळतो, जसा त्या पेपरमध्ये पहिला गळलाय. दोन्ही तट एकेका डोळ्याने बघतात.

एकट्याला कडेला काही ठेवता येत नसेल तर दुसरा एक मार्ग उरतो, आणि तोही बाहुल्यांना बंद होता. एकत्र येणं. शंभर बाहुल्या घ्या, प्रत्येकीकडे दहा लाख, एकूण हजार लाख. पन्नास जणींवर हिरवा ठिपका पडला. तिसांचं दुप्पट झालं, वीस जणींचं होतं तेवढंच राहिलं. झाले ८०० लाख. उरलेल्या पन्नास जणींवर लाल पडला, ५०० चे २५० लाख. एकूण १,०५० लाख. सगळं एकत्र करून सारखं वाटलं तर प्रत्येकीला साडेदहा. प्रत्येक फेरीला पाच टक्के वाढ. अशा वीस फेऱ्या झाल्या तर दहा लाखांचे साडेसव्वीस लाख होतात. एकटी राहिली असती तर त्याच वीस ठिपक्यांनी तिला ६२,५०० वर आणलं असतं.

यात अट एकच: लाल ठिपका सगळ्यांवर एकदम पडता कामा नये. दुष्काळ पडला की अख्खा गाव एकत्र बुडतो, तिथे गावापुरती भिशी कामाची नाही. पण पुण्यात एक ठिकाण असं आहे, जिथे या गणितातला बराचसा भाग प्रत्यक्ष जमिनीवर दिसतो.

हडपसरचा हिरवा ठिपका

१९८० च्या दशकात पुण्याच्या आराखड्यात हडपसरजवळचा मगरपट्टा हा पुढे शहरीकरण होणाऱ्या भागात दाखवला गेला. तिथे पिढ्यान्‌पिढ्या शेती करणारी १२० च्या आसपास कुटुंबं, बहुतेक मगर भावकीतली. त्यांची मिळून ४०० एकरांहून जास्त जमीन. शहर चालून येतंय हे दिसत होतं. त्यात या शेतकऱ्यांचं कर्तृत्व काही नव्हतं. ऊस लावणाऱ्या माणसाने आयटी उद्योग पुण्यात आणला नाही. हा शुद्ध हिरवा ठिपका.

आता असा ठिपका एकेकट्या सातबाऱ्यावर कसा पडतो ते पाहा. एकाची जमीन रस्त्याला लागते, त्याला सोन्याचा भाव. शेजाऱ्याच्या जमिनीवर बागेचं किंवा रस्त्याचं आरक्षण पडतं, तो वर्षानुवर्षं मोबदल्यासाठी खेटे घालतो. तिसऱ्याच्या मुलीचं लग्न असतं म्हणून तो पाच वर्षं आधीच विकून मोकळा होतो. त्याच मातीत, त्याच बांधाला बांध लावून, एकाला हिरवा आणि दुसऱ्याला लाल.

सतीश मगर यांच्या पुढाकाराने या कुटुंबांनी जमीन सुटी सुटी विकली नाही. ती एकत्र करून कंपनी काढली आणि ज्याची जितकी जमीन तितके त्याचे शेअर. साधारण २००० साली बांधकाम सुरू झालं. आज तिथे आयटी पार्क आहे, इमारती आहेत, मधोमध मोठी बाग आहे. आता विचार करा: ज्याच्या शेतात बाग आली तो बुडाला का? नाही. ज्याच्या शेतात आयटी पार्क आला तो एकटाच गबर झाला का? नाही. कोणाच्या बांधावर काय येणार ही सोडत त्यांनी रद्दच करून टाकली. शिवाय रक्कम एकदाच हातात पडून संपली नाही, हिस्सा राहिला. काही घरांतल्या पुढच्या पिढीने प्रकल्पातलीच कामं कंत्राटाने घेतली. पुढे सिंहगड रस्त्यावर नांदेड सिटीतही जमीनमालकांना भागीदार करून घेण्याचा हाच नमुना वापरला गेला.

मग मगरपट्ट्याच्या संपत्तीत नशीब किती टक्के आणि निवड किती टक्के? हा प्रश्न म्हणजे शेताच्या क्षेत्रफळात लांबी किती टक्के आणि रुंदी किती टक्के असं विचारण्यासारखं आहे. शहर आलं नसतं तर कंपनीच्या कागदाला किंमत शून्य. कंपनी नसती तर शहर आलंच असतं, पण गुंठ्या-गुंठ्याने खात आलं असतं. दोन्हींचा गुणाकार आहे, बेरीज नाही. बेरजेत वाटे पाडता येतात, गुणाकारात नाही. दोन शेतांची तुलना करून 'हे जास्त लांब आहे म्हणून मोठं' असं म्हणता येतं, पण एकाच शेतात लांबीचे इतके टक्के असं सांगता येत नाही. सत्तर टक्के नशीब, तीस टक्के मेहनत अशी वाक्यं ऐकलीत की सरळ सोडून द्या.

याच शहराने 'गुंठामंत्री' हा शब्दही काढलाय. जमीन विकून पैसा आला, गळ्यात साखळी, दारात पांढरी एसयूव्ही, आणि काही वर्षांत सगळं संपलं, असा त्यातला टोमणा. हसणारे बहुतेक वेळा पगारदार, ज्यांचा पीएफ पगार हातात येण्याआधीच कापला जातो. म्हणजे यांची शिस्त कायद्याने आणि कंपनीने लावलेली, आणि हसू मात्र स्वतःचं. ज्या माणसाला आयुष्यात एकदाच, एकरकमी, कुठलीही सोय मागे नसताना पैसा मिळाला, त्याच्या आणि मगरपट्ट्यातल्या भागधारकाच्या स्वभावात फार फरक असेल असं मला वाटत नाही. फरक आहे तो नशीब कुठल्या भांड्यात पडलं यात.

ठिपक्याचा रंग आधी कळतो का?

पेपरची आणखी एक गोष्ट मला खटकते. तिथे ठिपका आला की त्याचा रंग लगेच दिसतो. प्रत्यक्षात रंग कधी कधी वीस वर्षांनी कळतो.

लक्ष्मणराव किर्लोस्करांचं उदाहरण मराठी माणसाला नवीन नाही. बेळगावात त्यांचा कारखाना होता. नगरपालिकेला नव्या वसाहतीसाठी ती जागा हवी झाली आणि त्यांना तिथून उठावं लागलं. आपल्या मॉडेलप्रमाणे हा लाल ठिपका, भांडवल निम्मं. पण औंधचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी त्यांना ओळखत होते. लक्ष्मणरावांनी औंधमध्ये त्यांच्यासाठी बांधकाम केलेलं होतं. पंतप्रतिनिधींनी कुंडलजवळची माळजमीन आणि कर्जाऊ रक्कम दिली, आणि १९१० मध्ये किर्लोस्करवाडी उभी राहिली.

ही गोष्ट आपण जिद्दीची म्हणून सांगतो, आणि जिद्द होतीच, माळरानावर नांगराचा कारखाना काढायला ती लागतेच. पण एका संस्थानिकाची ओळख वजा केली तर काय उरतं? आणि उलट, ओळख होती पण हातात कसब नसतं तर त्या जमिनीवर काय झालं असतं? लाल ठिपका हिरवा झाला तो दोन्हींमुळे. बेळगावातून किंवा दुसऱ्या कुठून उठवले गेलेले आणि पुढे कुठेच न पोचलेले कारागीरही असणार. त्यांची चरित्रं कोणी लिहिली नाहीत, म्हणून जिद्द कधी वाया जाते हे आपल्याला कळत नाही.

नशीब वेगळं काढून मोजायचं कसं?

इथे तुम्ही म्हणाल, सगळंच गुंतलेलं असेल तर संशोधन करायचं कसं? मार्ग आहे. जिथे नशीब खरोखर चिठ्ठी काढून वाटलं गेलं अशा जागा शोधायच्या. महाराष्ट्रात अशी एक जागा सगळ्यांना माहीत आहे: म्हाडाची सोडत. अर्ज करणारे सगळे साधारण एकाच परिस्थितीतले, घर लागणं न लागणं संगणकाच्या हाती. लागलेले आणि न लागलेले यांच्यात काही वर्षांनी जो फरक दिसेल तो नशिबाचा, कारण हुशारी आणि शिस्त दोन्ही गटांत सारखीच विखुरलेली.

तनु कुमार यांनी मुंबईतल्या २०१२ आणि २०१४ च्या सोडतींच्या अर्जदारांचा असा अभ्यास केला. ज्यांना घर लागलं त्यांच्या कुटुंबांचं उत्पन्न, शिक्षण आणि रोजगार पुढे सरस निघाले. मला जास्त रस वाटला तो पुढच्या तपशिलात. कित्येक विजेते त्या घरात राहायला गेलेच नाहीत, त्यांनी ते भाड्याने दिलं. म्हणजे नशिबाने घर दिलं, आणि त्याचं काय करायचं हे ज्याने त्याने आपल्या नोकरीचं, शाळेचं अंतर बघून ठरवलं. अर्ज करणं निवड, लागणं नशीब, भाड्याने देणं पुन्हा निवड. साखळीतल्या नुसत्या मधल्या कडीला 'नशीब' म्हणून टाळ्या किंवा शिव्या देणं अपुरं आहे.

दुसरी सोडत तारखेची. महाराष्ट्राने २२ जून १९९४ पासून मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत मुलांसारखा जन्मसिद्ध हक्क दिला, पण त्याआधी लग्न झालेल्या मुलींना वगळून. म्हणजे एकाच घरातली मोठी बहीण मे महिन्यात बोहल्यावर चढली तर बाहेर, धाकटीचं लग्न व्हायचं असेल तर आत. (२००५ च्या केंद्रीय दुरुस्तीने लग्नाचा हा भेद काढला.) डायनिंगर, गोयल आणि नागराजन यांनी २०१३ च्या पेपरमध्ये महाराष्ट्र आणि कर्नाटकातल्या याच बदलाचा अभ्यास केला. वडील कायद्यानंतर वारले तर मुलीला जमीन मिळण्याची शक्यता वाढलेली दिसली, आणि मुलींचं शिक्षणही वाढलेलं दिसलं. भावा-बहिणीतली दरी मात्र पूर्ण मिटली नाही.

ती का मिटली नाही, याचं एक कारण आपल्यापैकी बऱ्याच घरांच्या कपाटात फाईलमध्ये असेल. त्याचं नाव हक्कसोडपत्र. भाऊ रागावेल, माहेर तुटेल, म्हणून बहीण सही करते. कागदावर ती तिची निवड. आता आपल्या बाहुल्यांच्या गणितात तिला बसवून बघा. शहर चालून आलं, हिरवा ठिपका पडला, कुटुंबांनी जमिनी एकत्र केल्या, प्रत्येकाला हिस्सा मिळाला. प्रत्येकाला म्हणजे ज्याचं नाव सातबाऱ्यावर होतं त्याला. सही केलेली बहीण त्यात नाही. त्या शेतात वीस वर्षं खुरपणाऱ्या मजूर बाया त्यात नाहीत. त्याआधी मागे गेलं, तर १ एप्रिल १९५७ ला, कृषक दिनाला, जो कूळ म्हणून जमीन कसत होता तो मालक ठरला. तारखेच्या आधीच ज्याला मालकाने हुसकावलं होतं त्याच्या नातवंडांपर्यंत हा ठिपका पोचलाच नाही. हे कुठल्या एका प्रकल्पाबद्दल म्हणत नाही. एकत्र येणं हा नशिबावरचा सगळ्यात चांगला उतारा आहे, हे वरच्या साडेसव्वीस लाखांनी दाखवलं. म्हणूनच एकत्र येताना दारात कोणाला थांबवलं गेलं हा प्रश्न नशीब-मेहनतीच्या वादापेक्षा मोठा आहे.

मग वाचायचं कसं?

पुढच्या वेळी कोणाच्या श्रीमंतीची गोष्ट वाचाल, पुस्तकात, पेपरात, लिंक्डइनवर, तेव्हा नशीब की निवड असं विचारू नका. तीन गोष्टी शोधा. धोका घेतला तेव्हा त्याच्याकडे कडेला किती होतं? संकट आलं तेव्हा फोन कोणाला करता आला? आणि फायदा झाला तेव्हा वाटणीत कोणाकोणाची नावं होती? या तिन्हींची उत्तरं गोष्टीत नसतील तर ती गोष्ट अजून अर्धीच सांगून झालीय.

त्या इटालियन पेपरबद्दल माझं शेवटचं म्हणणं एवढंच. यशस्वी माणसाच्या डोक्यात शिरलेली हवा काढायला तो उत्तम आहे. पण अपयशी माणसाला त्यातून फक्त 'तुझा दोष नव्हता' एवढंच मिळतं, 'आता काय करता येईल' हे मिळत नाही. त्यासाठी बाहुल्यांना जागचं हलू द्यावं लागेल, थोडं कडेला ठेवू द्यावं लागेल, आणि एकमेकींशी बोलू द्यावं लागेल. मॉडेल दीडशे ओळींच्या आत लिहून होतं. कोणाला कोड लिहायची हौस असेल तर शंभर बाहुल्यांचा गट करा, त्यातल्या वीस जणींना वाटणीतून वगळा, आणि चाळीस वर्षं चालवून बघा. त्या वीस जणींचा आलेख वेगळ्या रंगात काढा.